मॅजिक स्कूल बस पोरांना नुसती लावून देऊ नका, अशी दाखवा

दिवाळी, मे महिना, नाहीतर जुलैतल्या रेड अलर्टच्या सुट्ट्या, पोरं घरात आणि मोबाईल हातात, हे सगळीकडेच चालू आहे. मग निदान बघण्यासारखं तरी बघू दे म्हणून मी सगळ्यांना मॅजिक स्कूल बस ही इंग्लिश कार्टून मालिका सांगते. जुनी आहे, १९९४ ते १९९७ मधली, ४ सीझन, ५२ एपिसोड. मिस फ्रिझल नावाच्या भन्नाट बाई वर्गाला बसमधून कुठेही नेतात, पोटात, ढगात, अवकाशात. २०१७ ला नेटफ्लिक्सवर नवीन आली, त्यात तिची धाकटी बहीण टीचर आहे, तीपण चालेल पण सुरुवात जुनीपासूनच करा.

एका वेळी एकच एपिसोड. जेमतेम पंचवीस मिनिटांचा असतो, दुसरा लगेच लावला की पहिला डोक्यातून गेलाच समजा. इंग्लिश जड जात असेल तर शेजारी बसा आणि अडलं तिथेच मराठीत सांगा, प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसलात तर पोरं उठून जातील.

आता मेन गोष्ट. गोष्ट संपल्यावर शेवटी छोटा भाग येतो, त्यात बहुतेक वेळा मुलं प्रोड्युसरला फोन करून भांडतात की अहो हे तुम्ही खोटं दाखवलंत, बस अशी लहान होत नाही वगैरे, आणि तो कबूल करतो की हो, हे आम्ही गोष्टीसाठी केलं. आपण नेमकं तिथेच बंद करतो! तसं करू नका, त्याच्या आधी पॉज करा आणि पोरांना विचारा, यात खरं काय आणि थापा कुठल्या? मग पुढचं लावा. माझी भाची आता फोन यायच्या आधीच चुका मोजत बसते आणि एखादी सुटली की प्रोड्युसरवरच चिडते.

एपिसोड नंबरने बघायची काही गरज नाही, बाहेर जे चाललंय त्याप्रमाणे निवडा. पाण्याच्या चक्राचा 'वेट ऑल ओव्हर' पावसाळ्यासाठी ठेवा, त्यात पोरंच वाफ होऊन ढगात जातात आणि पाऊस होऊन खाली पडतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपलं सगळं नाशिक विचारतं ना, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, गुडघ्यापर्यंत का कमरेपर्यंत? त्याच दिवशी हा लावा, आणि पाणी बघायला जायचंच असेल तर लांबून, पूर असताना पोरांना घेऊन रामकुंडाच्या पायऱ्यांवर अजिबात जायचं नाही. घरी नकाशा काढून विचारा, आपल्याकडचा पाऊस येतो अरबी समुद्रावरून, मग त्र्यंबकला ब्रह्मगिरीवरून गोदावरीत उतरलेलं पाणी जवळचा समुद्र सोडून पार बंगालच्या उपसागराला का जातं? उत्तर लगेच सांगू नका. बोट फिरवता फिरवता सह्याद्रीचा उतार त्यांचा त्यांनाच सापडतो, नाही सापडला तर मग ताट तिरकं धरून वाटीभर पाणी ओतून दाखवा.

'फॉर लंच' मध्ये वर्गातला अर्नोल्ड बसच गिळतो. तो बघून झाला की पोळीचा साधा घास, भाजीबिजी काही नाही, न गिळता खूप वेळ चावायला सांगा, हळूहळू गोड लागायला लागतो कारण लाळेने पिठूळ भागाची साखर व्हायला लागते. 'ब्लोज इट्स टॉप' ज्वालामुखीचा आहे, तो बघून पांडवलेणीला जा, ती लेणी लाव्हाच्याच काळ्या दगडात कोरलेली आहेत, फक्त आपल्याकडचा लाव्हा बराचसा जमिनीच्या भेगांमधून थरावर थर पसरला हे सांगा, नाहीतर पोरं त्या डोंगराच्या डोक्यावर भोक शोधत बसतात.

चार-पाच वर्षांच्या लहानांना रोगजंतूंचा 'इनसाइड राल्फी' एवढ्यात दाखवू नका, काही जण घाबरतात. आणि बघून झाल्यावर निबंधबिबंध अजिबात लिहायला लावू नका, पुढच्या वेळी बसणारच नाहीत.