क्लिपलेस पेडल आणि माझा उजवा गुडघा

गुडघ्याचं दुखणं जुनंच. पण सायकलला क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकून बसतो) लावल्यावर वीस मिनिटांतच आतल्या बाजूला कळ यायला लागली. चूक माझ्या निवडीत होती: मी लाल क्लीट (बुटाच्या तळाला लावायची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) घेतली होती. शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल प्रकारच्या पेडलमध्ये लाल क्लीट म्हणजे पाय फिरायला ० अंश मोकळीक, निळी २, पिवळी ६. टाच जराही हलेना, सगळा पीळ गुडघ्यावर.

पिवळी बसवली. टेबलावर बसून पाय मोकळे सोडले, तर उजवी टाच आपोआप आत वळत होती; क्लीट त्याच कोनात फिरवली. (आधीच्या जागेभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, फार उपयोगी पडते.) पेडलचा ताणही (क्लीट किती घट्ट धरायची तो) पान्याने सगळ्यात कमी केला, कारण पाय सोडवताना झटका बसला की तीच कळ.

आता दोन तास आरामात चालवतो. चढावर हलका गियर मात्र सोडत नाही.