बाथ पाहण्यासाठी गावातल्या पबमध्ये मुक्काम कसा करावा

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून रेल्वेने इंग्लंडमधील बाथ या शहरी पोहोचण्यास सुमारे दीड तास लागतो, त्यामुळे बहुतेक पर्यटक सकाळी येतात, रोमन स्नानगृहे आणि रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीच्या आकारातील जुन्या घरांची रांग धावतपळत पाहतात आणि संध्याकाळी परततात. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या शहराला किमान दोन रात्री द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. शनिवार-रविवारी शहरातील हॉटेले महाग होतात. अशा वेळी आसपासच्या गावांतील, वरच्या मजल्यावर राहण्याच्या खोल्या असलेले पब हा उत्तम पर्याय ठरतो. मात्र तिथला मुख्य व्यवसाय खाण्यापिण्याचा असतो आणि खोल्या त्याला जोडून चालवल्या जातात, हे ध्यानात ठेवूनच सगळा बेत आखावा.

गाव निवडताना रेल्वे प्रथम पाहावी. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन आणि फ्रेशफर्ड या दोन्ही ठिकाणी स्थानक असून ब्रॅडफर्डहून बाथला पंधरा मिनिटांच्या आसपास पोहोचता येते. ब्रॅडफर्डहून केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने बाथपर्यंत चालतही जाता येते. हे अंतर साधारण सोळा किलोमीटर आहे, वाट जवळजवळ सपाट आहे आणि वाटेत डंडास येथे कालवा दगडी पुलावरून एव्हन नदी ओलांडतो. जुन्या वास्तूतच राहायची हौस असेल, तर दक्षिणेकडील नॉर्टन सेंट फिलिप येथील ‘जॉर्ज इन’चा विचार करावा. रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस १६६८ मध्ये या गावी जेवला होता आणि राजा दुसऱ्या जेम्सविरुद्धच्या १६८५ च्या बंडात, त्या बंडाचा नेता ड्यूक ऑफ मॉन्मथ याचा तळही इथे पडला होता. या गावाला रेल्वे नाही, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधीच पाहून ठेवावी. स्वतःची मोटार असल्यास ती शहरात न नेता शहराच्या कडेला असलेल्या ऑड डाउनसारख्या वाहनतळावर लावून पुढे बसने जावे.

खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: खोली बारच्या थेट वर आहे का, जिना किती अरुंद आहे आणि त्या दिवशी स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असते. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच असते, त्यामुळे आईवडील सोबत असतील तर तळमजल्यावरील किंवा अंगणापलीकडील खोली मागावी. पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिसरा. पब रात्री अकरापर्यंत उघडा असला, तरी जेवण अनेकदा नऊच्या सुमारास बंद होते, दुपारीही मध्ये काही तास चूल थंड असते, आणि रविवारी दुपारचे भाजलेले मांस व बटाटे यांचे मोठे जेवण झाले की संध्याकाळी पुष्कळ ठिकाणी काहीच शिजत नाही. सोमवारी तर काही पब पूर्ण बंद असतात. रविवारची खोली स्वस्त मिळते म्हणून ती घेणाऱ्याने त्या रात्रीच्या जेवणाची सोय बाथमध्येच करून यावे. खोली ताब्यात मिळण्याची वेळ दुपारी तीननंतरची असली, तरी मधल्या वेळेत पब बंद असू शकतो. तेव्हा नेमके किती वाजता पोहोचणार हे कळवावे, कारण चावी देणारी व्यक्ती बहुधा काउंटरवरचीच असते.

ऑर्डर घेण्यासाठी टेबलापाशी कोणी येईल, अशी वाट पाहत बसू नये. आधी जागा धरावी, टेबलावरचा क्रमांक लक्षात ठेवावा आणि काउंटरवर जाऊन जेवण व पेय दोन्ही सांगावे. तिथे रांग दिसत नाही, पण आपल्याआधी कोण आले हे प्रत्येकाला ठाऊक असते. आपला नंबर नसताना कर्मचाऱ्याने विचारले, तर आधी आलेल्याकडे निर्देश करावा. या लहानशा सौजन्याची तिथे मनापासून कदर होते. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्यामुळे स्थानिक सायडर (सफरचंदाचे मद्य) चाखायचे असल्यास अर्धा पाइंट पुरे. मद्य न घेणाऱ्याने संकोच करण्याचे काहीही कारण नाही. लाइम-सोडा सर्रास मिळतो, आणि साधे पिण्याचे पाणी मागितल्यास विनामूल्य देणे पबला कायद्याने बंधनकारक आहे.

शाकाहारी मंडळींनी पदार्थाच्या नावावर विसंबून राहू नये. चिप्स (बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी) किंवा भाजलेले बटाटे गोमांसाच्या चरबीत केलेले असू शकतात, सूपचा आधार कोंबडीच्या रसाचा असू शकतो आणि मांसासोबत मिळणाऱ्या यॉर्कशर पुडिंग या भाजलेल्या फुगीर पदार्थात अंडे असतेच. “हे कशात तळले आहे?” असे नम्रपणे विचारावे, कर्मचारी आत जाऊन विचारून येतात आणि त्याचा त्यांना राग येत नाही.

सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात धरला आहे का आणि तो कधी सुरू होतो, हे रात्रीच विचारून घ्यावे. रोमन स्नानगृहांचे तिकीट आधी काढून तिथे शक्य तितक्या लवकर पोहोचावे, कारण दुपारी तिथे फार गर्दी होते. त्या पाण्यात उतरता येत नाही. उष्ण झऱ्याच्या पाण्यात स्नान करायचे असेल, तर त्यासाठी २००६ मध्ये सुरू झालेले ‘थर्मे बाथ स्पा’ आहे. निघायच्या दिवशी पहाटेची गाडी असेल, तर सगळे बिल आदल्या रात्री बार बंद होण्यापूर्वीच चुकते करावे आणि चावी कुठे ठेवायची ते विचारून घ्यावे, कारण त्या वेळी खाली कोणीही नसते.