एपीएलमध्ये सीएसव्ही वाचताय? या चुका टाळा

एपीएल ही चिन्हांनी लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागून थोडे दिवस झाले की एका ओळीचं वेड लागतं. सगळं काम एका ओळीत बसवायचं आणि मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायचा. खुशाल पाठवा, पण सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल तसल्या ओळीने फोडू नका. डायलॉग कंपनीच्या एपीएलमध्ये 2017 च्या 16.0 आवृत्तीपासून अशा फाइली वाचायचं-लिहायचं क्वाड-सीएसव्ही (⎕CSV) आयतं मिळतं. तरी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कोडमध्ये हे सापडतंच:

','(≠⊆⊢)

तुकडे छान पाडतं. फक्त दोन स्वल्पविराम लागोपाठ आले की मधला रिकामा रकाना गिळतं आणि ढेकरही देत नाही.

एका दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं होती. रकाने असे: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ), दर, कपात. एका संकलन केंद्रावरचं यंत्र बिघडलेलं, म्हणून तिथल्या सगळ्यांचा एसएनएफ रिकामा:

117,85,3.8,,34,500

सहाच्या जागी पाचच तुकडे पडले. 34 रुपये दर एसएनएफच्या रकान्यात सरकला, पशुखाद्याच्या उचलीचे 500 दराच्या रकान्यात जाऊन बसले आणि शेवटची जागा ओळी सारख्या लांबीच्या करणाऱ्या ↑ ने भरून काढली, तिचं पुढे शून्य झालं. 2,390 रुपयांच्या जागी बिल निघालं 42,500 चं. ज्यांची कपात शून्य, त्यांचा दरच शून्य. ते लोक सकाळी सकाळी संस्थेत येऊन भांडून गेले. 500 च्या भाववाल्यांपैकी कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. कोड लिहिणारा पोरगा मात्र दराच्या सूत्रातच चूक शोधत बसला होता, कारण एरर कुठेच आला नव्हता.

क्वाड-सीएसव्ही रिकामा रकाना रिकामाच ठेवतं, अवतरणातलं "1,25,000" एकसंध ठेवतं आणि एखाद्या ओळीत रकाने कमी-जास्त भरले तर थांबतं. हातानेच कापायची हौस असेल तर ओळीच्या आधी एक स्वल्पविराम चिकटवा, प्रत्येक स्वल्पविरामापाशी ⊂ ने कापा आणि प्रत्येक तुकड्याचं पहिलं अक्षर टाकून द्या. अवतरणांची भानगड तरीही उरतेच.

दुसरा माझा लाडका गुन्हा म्हणजे मजकुराचा आकडा करायला ⍎ (मजकूर कोड म्हणून चालवणारं चिन्ह) वापरणं. फाइलमध्ये 10-12-2023 अशी तारीख आहे. एपीएल उजवीकडून जातं: 12 वजा 2023 म्हणजे ¯2011 (एपीएलमध्ये उणे आकडा असा लिहितात), आणि 10 वजा ते म्हणजे 2021. उत्तर वर्षासारखंच दिसतं, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. फ्लॅट नंबर 5/3 असेल तर पाच वेळा 3 मिळेल. शिवाय परक्याची फाइल तुम्ही आपल्या वर्कस्पेसमध्ये हुकूम म्हणून चालवताय, ते वेगळंच. क्वाड-व्हीएफआय वापरा. कोणता तुकडा खरंच आकडा होता हे ते आधी सांगतं, मग किंमत देतं, आणि साधा मायनसही त्याला कळतो.

क्वाड-सीएसव्हीला रकान्यांचे प्रकार (आकडा की अक्षरं) न सांगता वाचलं तर सगळं अक्षरंच येतं, मग बेरजेला डोमेन एरर. यावर घाईवाल्यांचा उपाय प्रकार 3: रिकामं असो की कचरा, गपचूप 0. अहो, दूध घातलं नाही आणि दूध मोजलं नाही यात फरक आहे! मी आधी प्रकार 4 ने (जमेल तिथे आकडा, नाहीतर मजकूर) वाचतो, काय काय मजकूरच राहिलं ते डोळ्यांनी पाहतो, आणि रोजच्या कामाला 2 लावतो. एक जरी खराब आकडा आला तरी काम थांबतं. थांबू दे.

शीर्षकाची ओळ असेल तर क्वाड-सीएसव्हीला चौथ्या जागी 1 द्या. अर्धविरामवाल्या फाइलला सेपरेटर बदलून द्या. खाते क्रमांक अक्षरं म्हणूनच वाचा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

लिहितानाही ⍕ (आकड्याचा मजकूर करणारं चिन्ह) ने जोडाजोड नको. उणे आकडे ¯ घेऊन बाहेर पडतात आणि एक्सेल त्यांना मजकूर समजतं. नेहमीच्या दहा अंकी अचूकतेत बारा अंकी आधार क्रमांकाचा घातांकी आकडा होतो, तो निराळाच. फाइल आधीच असेल तर क्वाड-सीएसव्ही लिहायला नकार देतं. त्यावर जुनी फाइल आधी उडवून मोकळे होणारे महाभाग आहेत. मी तारखेच्या नावाने नवी फाइल लिहितो, उघडून पाहतो, मगच जुनी हलवतो. आणि नवी फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांच्या जागी विचित्र अक्षरं दिसली, तर डेटा बिघडलेला नसतो. यूटीएफ-8 बॉमसकट (म्हणजे फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी खूण घालून) लिहा, एवढंच.