कंपनीचा इसीयू काढण्याआधी या चुका टाळा

गाडी मिस मारते, पिकअप देत नाही, सकाळी तीनदा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. अशी तक्रार घेऊन येणारे बरेच जण उपायही ठरवूनच आलेले असतात: कंपनीचा इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काढायचा आणि चांगला प्रोग्रॅमेबल, म्हणजे आतले आकडे आपल्याला बदलता येणारा, बसवायचा. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या इंजिनाला हवं असलेलं असं कोणतं काम आहे, जे आत्ताच्या इसीयूला जमतच नाही? उत्तर एका वाक्यात आलं नाही, तर इसीयूला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

उत्तर आलं तर बाहेरचा इसीयू घ्या असं मी मनापासून सांगतो. कार्ब्युरेटरचं इंजिन इंजेक्शनवर न्यायचंय, एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवायचंय, मुळात नसलेला टर्बो लावलाय, प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल दिलाय, किंवा जुन्या गाडीचा मूळ इसीयू मेलाय आणि तसा दुसरा मिळतच नाही. ही सगळी खरी कारणं. ‘जास्त पॉवर’ हे मात्र त्यात बसत नाही. आत आलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडणं आणि ठिणगी केव्हा पाडायची ते ठरवणं, एवढंच इसीयूच्या हातात असतं. काहीही न बदललेल्या, टर्बो नसलेल्या इंजिनात कंपनीने हे गणित आधीच बरंच काटेकोर बसवलेलं असतं.

दोष दुसऱ्याचा, बदली इसीयूची

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कंपनीचा इसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करतो आणि ती दुरुस्ती फ्युएल ट्रिम म्हणून लक्षात ठेवतो. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा साधा ओबीडी स्कॅनर ही ट्रिम दाखवतो, तरी ती वाचायची तसदी फारसं कुणी घेत नाही. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर इंधनाचा हिशेब जुळतोय. अधिक १० च्या पुढे गेली, म्हणजे इसीयू सारखं पेट्रोल वाढवतोय, तर शोध सुरू करा. आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना) ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर कुठल्या तरी फाटक्या नळीतून किंवा गॅस्केटमधून न मोजलेली हवा आत शिरतेय. उलट, लोड (इंजिनावरचा भार) वाढेल तशी ट्रिम चढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर आणि एअर फ्लो सेन्सरवर संशय घ्या. यातला एकही दोष नवा इसीयू दुरुस्त करत नाही. तोही त्याच फाटक्या नळीवर येऊन बसतो, आणि ट्रिम नीट वाचून देणारी मूळ यंत्रणा तेवढी तुमच्या हातून जाते.

जुन्या गाड्यांबद्दल एक वेगळी सूचना. १९९० च्या दशकातल्या काही इसीयूंमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात आणि त्यांचं द्रव बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खातं. झाकण उघडून एकदा बघा. पट्टे शाबूत असतील तर चार कपॅसिटर बदलून तोच इसीयू पुन्हा वर्षानुवर्षं चालू शकतो.

पिगीबॅकने सेन्सरला खोटं बोलायला लावणं

कंपनीचा इसीयू आणि स्टँडअलोन (त्याच्या जागी बसणारा बाहेरचा स्वतंत्र इसीयू) यांच्यामध्ये दोन वाटा आहेत. पहिली रीफ्लॅशची: त्याच इसीयूतले मॅप, म्हणजे पेट्रोल आणि टायमिंगचे तक्ते, बदलायचे. ज्या इसीयूसाठी नीट साधनं उपलब्ध आहेत त्यांच्या बाबतीत मला ही वाट सर्वांत आवडते, कारण कोल्ड स्टार्ट, एसीचा भार, डॅशबोर्ड हे सगळं मूळचंच राहतं. पथ्यं दोन. मूळ फाइल आधी वाचून जपून ठेवा आणि फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर पुरवठा जोडा. लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं तर इसीयू मुका होतो.

दुसरी वाट पिगीबॅकची, म्हणजे सेन्सर आणि इसीयूच्या मध्ये बसून सिग्नल बदलणाऱ्या पेटीची, आणि इथे इंजिनं फुटतात. १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने इंधन आणि इग्निशन एकाच कॉम्प्युटरच्या ताब्यात दिलं. तेव्हापासून एअर फ्लो सेन्सरचा तोच सिग्नल दोन्ही कामांसाठी वापरणं ही सर्वसाधारण पद्धत झाली. समजा मोठे इंजेक्टर बसवले. पेट्रोल जास्त पडू नये म्हणून पिगीबॅक त्या सेन्सरचा सिग्नल कमी करून पुढे पाठवतो. इसीयूला वाटतं हवा कमी आली. पेट्रोल तो कमी करतो, हवं तेच होतं. पण ‘लोड हलका आहे’ असं समजून तो टायमिंगही ॲडव्हान्स करतो, म्हणजे ठिणगी लवकर पाडतो. सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात पूर्ण लोड असतो. ठिणगी वेळेआधी पडते, उरलेलं मिश्रण आपसूक भडकतं, नॉकिंग सुरू होतं. मीटरवर मिश्रण अगदी बरोबर दिसत असताना पिस्टनच्या कडा तुटतात त्या अशा. पिगीबॅक लावलाच असेल तर टायमिंगसुद्धा लॉग करा, नुसत्या मिश्रणावर विसंबू नका.

क्रँक सिग्नल आणि अर्थ (अर्थिंग) गृहीत धरणं

स्टँडअलोन बसवल्यानंतरच्या बहुतेक ‘इसीयू खराब निघाला’ या तक्रारी इथे संपतात, म्हणून थोडा जास्त वेळ इथे घालवतो.

एक इंजिन माझ्याकडे आलं होतं. साडेतीन हजारांपर्यंत गुळगुळीत, त्याच्या पुढे फटफटायचं. मालकाने कॉइल, प्लग, पंप सगळं बदललं होतं आणि आता इसीयूही बदलायच्या बेतात होता. दोष निघाला क्रँक सेन्सरच्या दोन वायरींमध्ये: उलट जोडलेल्या. मॅग्नेटिक पिकअप प्रकारच्या सेन्सरला पोलॅरिटी असते. बरोबर जोडला तर क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाचा दात समोरून जाताना सिग्नल शून्यातून सरळ, तीव्र उतारावर जातो आणि इसीयू तिथेच दात मोजतो. उलट जोडला तर ती मोजणी दातांच्या मधल्या मोकळ्या जागेवर येते. क्रँकची जागा कळावी म्हणून चाकावर मुद्दाम सोडलेल्या गहाळ दातापाशी गडबड होते, वेग वाढला की टायमिंग सरकतं, मग सिंक (क्रँकच्या जागेशी असलेला मेळ) तुटतं. ६० वजा २ दातांच्या (६० दातांची जागा, त्यातले २ गहाळ) चाकावर एका दाताची चूक म्हणजे ६ अंश. आयडलला हे कळतही नाही, एवढी ही चूक फसवी आहे.

म्हणून पहिली सुरुवात झाल्याबरोबर, मॅपमधल्या एकाही आकड्याला हात लावण्याआधी, सॉफ्टवेअरमधून टायमिंग १० अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर तपासा. आयडलला आणि पुन्हा ४००० ला. दोन्हीकडे १० दिसायला हवेत. वेस्टेड स्पार्क (प्रत्येक फेरीला ठिणगी, त्यातली एक वाया) असेल तर काही डिजिटल लाइट दुप्पट आकडा दाखवतात, तेवढं ध्यानात ठेवा. ही तपासणी न करता डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) नेलेली गाडी बघितली की मला खरोखर भीती वाटते, कारण स्क्रीनवरचे २८ अंश प्रत्यक्षात ३४ असू शकतात.

अर्थचा नियम सोपा आहे. सेन्सरचा अर्थ परत इसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनवर जातो, बॉडीला नाही. इंजेक्टर आणि कॉइलचा जड अर्थ इंजिन ब्लॉकवर. दोन्ही एकत्र केले की कॉइलचा प्रवाह सेन्सरच्या आकड्यांत मिसळतो. चाचणी एका मिनिटाची: इंजिन चालू ठेवून लॅपटॉपवर कूलंट तापमान आणि थ्रॉटलचा आकडा बघा, मग हेडलाइट आणि फॅन लावा. आकड्याने उडी मारली तर दोष अर्थमध्ये आहे.

इंजेक्टरचा फक्त सीसी (तो किती पेट्रोल सोडतो) बघणं

इंजेक्टर हाय इम्पीडन्स असेल तर साधारण १२ ते १६ ओहम, लो असेल तर २-३ ओहम. इसीयूतल्या साध्या ड्रायव्हरवर (इंजेक्टर चालू-बंद करणाऱ्या भागावर) २ ओहमचा इंजेक्टर लावला तर १४ व्होल्टला ७ अँपिअर ओढेल, जिथे १ च्या आसपासची अपेक्षा होती. ड्रायव्हर जळतो.

दुसरी गोष्ट डेड टाइम, म्हणजे करंट दिल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ. १४ व्होल्टला तो सुमारे १ मिलिसेकंद असतो आणि व्होल्टेज पडलं की वाढतो. आयडलला अख्खी पल्स २-३ मिलिसेकंदांची, त्यात एवढा वाटा! हेडलाइट लावले की आयडल लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होऊन डगमगत असेल आणि अर्थ ठीक असेल, तर फ्युएल मॅप खरवडत बसू नका. डेड टाइमचा तक्ता त्या इंजेक्टरच्या खऱ्या आकड्यांनी भरा.

ऑटोट्यूनच्या भरवशावर राहणं

मूळ नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) अलीकडे की पलीकडे, एवढंच सांगतो. ट्यूनिंगला नेमका आकडा देणारा वाइडबँड लागतोच. पण तोही फक्त एक्झॉस्टमधला ऑक्सिजन वाचतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर ‘लीन’ म्हणतो. ऑटोट्यून (सेन्सर बघून मॅप आपोआप दुरुस्त करणारी सोय) पेट्रोल वाढवतं, प्लग ओला होतो, मिसफायर वाढतो, सेन्सर आणखी लीन म्हणतो. मिस मारणाऱ्या इंजिनावर ऑटोट्यून कधीच चालू करू नका. मोठ्या कॅमशाफ्टवर आयडलला असंच होतं, कारण ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असताना) ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते. इथे आकडा बाजूला ठेवून इंजिनाला स्थिर वाटेल तेवढं पेट्रोल द्या.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर १४.७ हा आकडाच बदलतो, शुद्ध इथेनॉलला तो सुमारे ९ आहे. त्यापेक्षा लॅम्डा (प्रत्यक्ष मिश्रण भागिले त्या इंधनाचं आदर्श मिश्रण) वापरा, पूर्ण ज्वलनाला तो सगळीकडे १ च.

नव्या गाडीत स्टँडअलोन

आजचा इसीयू एकटा बसलेला नसतो. कॅन बसवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवरून) एबीएस, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डॅशबोर्ड, इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), कित्येकदा पॉवर स्टिअरिंगसुद्धा त्याच्याशी बोलतात. तो काढला की गिअरबॉक्स लिंप मोडमध्ये (कसंबसं चालण्यापुरत्या अवस्थेत) जातो, मीटर मरतात. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला प्लग-इन इसीयू नसेल तर हा विचार सोडा. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर आणखी कठीण, कारण तिथे इंजेक्टर उघडायला बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज आणि हाय प्रेशर पंपाचं नियंत्रण लागतं.

कोल्ड स्टार्टला एक दिवस देणं

डायनोवर पूर्ण थ्रॉटलचा मॅप एका दुपारी होतो. थंड इंजिन सुरू करायचा प्रयोग मात्र दिवसातून एकदाच करता येतो, कारण पुढच्या प्रयत्नासाठी ते रात्रभर थंड व्हावं लागतं. कंपनी हे काम शीतकक्षांत आणि उंच डोंगरांवर जाऊन करते. तुम्हाला ते रोज सकाळी, एकेका तापमानाला एकेक आकडा बदलत, ऋतू पालटेपर्यंत करावं लागेल. रोज याच गाडीने कामावर जायचं असेल तर हे आधी नीट विचारात घ्या.

आणि मूळ हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू नका. मधला प्लग-अडॅप्टर बनवून घ्या, कंपनीचा इसीयू कोरड्या जागी जपा. तीन महिन्यांनी एखादा दोष सापडेनासा झाला, तर जुना इसीयू दहा मिनिटांत परत लावून बघता आला पाहिजे. तरीही दोष तसाच दिसला, तर तो नव्या इसीयूमध्ये नाही हे तिथल्या तिथे कळतं.