पेरणीआधी विहिरीचं वेबिल

दसरा झाला की आमच्या पारनेर तालुक्यात चहाच्या टपरीवर एकच विषय असतो, यंदा काय लावायचं. उत्तर बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या रानाकडे बघून ठरतं. त्यानं कांद्याचं रोप टाकलं की आपणही टाकायचं. विहिरीला कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडी डेपोत लागली की तिकिटं, पैसे आणि वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशोबाचा कागद, यांचा मेळ बसल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडीमाशी भिनलेली. पण निवृत्त होऊन साडेतीन एकर रान हातात घेतलं आणि २०१८ साली दीड एकर गावरान कांद्याची लागण करून मोकळा झालो. त्या वर्षीचा पाऊस आठवत असेलच. दिवाळीच्या आतच सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोटर हवा ओढायला लागली, तेव्हा कांदा लिंबाएवढा होता. घाबरून बोअर घेतलं. दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. आमच्याकडे वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे ठिसूळ खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी असतं ते भेगांत. भेग लागली तर लागली, नाही तर पैसे धुळीत. (त्याच्याही खाली जाऊ म्हणाल, तर साठ मीटरच्या पुढे शेतीसाठी बोअर घ्यायला २००९ च्या भूजल कायद्यानं मनाई आहे. तरी लोक घेतात, ते सोडा.)

तेव्हापासून दर ऑक्टोबरात पेरणीआधी विहिरीचं वेबिल भरतो, म्हणजे तिच्या पाण्याचा जमाखर्च मांडतो. एक दोरी, एक टेप, दोनशे लिटरचं बॅरल, वही आणि मोबाइलमधलं घड्याळ, एवढंच सामान लागतं. विहीर छोट्या शेतकऱ्याची असली तर हे सगळं दोन दिवसांत होतं.

दोरी आमच्या हिनं करून दिली. टोकाला दगड, दर फुटाला गाठ आणि दर पाच फुटांवर जुन्या साडीची लाल चिंधी. अंधारातही चिंध्या मोजता येतात. दोरी नेहमी एकाच जागेवरून सोडायची. मी जुन्या मोटेच्या थारोळ्याच्या दगडावर खूण करून ठेवलीय. गाठी मारायच्या आधी दोरी भिजवून, ओढून, वाळवून घ्या. सुती दोरी नवी असताना ताणते आणि फूटभर खोटं सांगते.

दगड तळाला लागेपर्यंत सोडा. ओली झालेली दोरी किती फूट, ते पाण्याची खोली. आता विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्यानंच गुणा आणि आलेल्या आकड्याला २२.२ नं गुणा. एक फूट पाणी म्हणजे किती लिटर, ते मिळालं. माझी विहीर वीस फूट व्यासाची आणि सात परस खोल (परस म्हणजे पुरुषभर उंची). वीस गुणिले वीस चारशे, गुणिले २२.२, म्हणजे ८,८८०. आपण ८,९०० लिटर धरू. चौकोनी विहीर असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले २८.३.

गेल्या १५ ऑक्टोबरला माझ्या विहिरीत चोवीस फूट पाणी होतं. काठावरून बघितलं तर छाती फुगावी असं दृश्य. हिशोब केला तर सव्वादोन लाख लिटरही भरत नाहीत. एक एकरावर पाच सेंटीमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे डोळ्यांना दिसणारी सगळी विहीर एका एकराच्या एका पाण्यात संपते! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी गणित चुकलं म्हणून तीनदा मांडलं.

मग शेती चालते कशावर? आवकेवर. उपसल्यानंतर झऱ्यांतून परत किती भरतं, त्यावर. मोजायची ती आवक. साठलेलं पाणी म्हणजे स्टँडवर उभी असलेली माणसं. गाडी चालते ती वाटेत चढणाऱ्यांवर.

आवक मोजायला मोटर चालवून दहा फूट पाणी उपसा, मोटर बंद करा, लगेच दोरी सोडून पातळी लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा सोडा. पाणी जितके फूट वर आलं, ती चोवीस तासांची आवक. मधल्या वेळात उपसा होता कामा नये. पहिल्या वर्षी मी बटण बंद करून निवांत झोपलो आणि ऑटो काढायचा विसरलो. रात्री दोनला लाइट आली, मोटर आपोआप सुरू झाली, सकाळी विहिरीत काल होतं त्याहून कमी पाणी. आता मोजणीच्या दिवशी फ्यूज माझ्या खिशात असतो. ऑटोबद्दल माझं मत मुळातच वाईट आहे. रात्री दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, जायला नको म्हणून आपण तो लावतो, पण भरलेल्या वाफ्यात तासन्‌तास पाणी वाहतं ते त्याच्यामुळेच.

मोटरचंही माप एकदा घेऊन ठेवा. पाइपाचं तोंड बॅरलमध्ये धरा आणि सेकंद मोजा. माझ्या पाच एचपीला दोनशे लिटरला वीस सेकंद लागतात, म्हणजे तासाला ३६,००० लिटर. अर्ध्या एकराचं एक पाणी पावणेतीन तासांत व्हायला हवं. मी पूर्वी पाच तास चालवायचो. उरलेलं कुठं जात होतं? कच्च्या पाटात. ज्या वर्षी पाट बुजवून पीव्हीसी पाइप टाकला, त्या वर्षी नवीन विहीर लागल्यासारखं वाटलं.

आता जमा बाजू. आवक दर महिन्याला घटते. माझ्या वहीत गेल्या वर्षी ऑक्टोबर मध्याला चोवीस तासांत सात फूट, डिसेंबर मध्याला चार, जानेवारीअखेर दोन आणि मार्चमध्ये एक फूट अशी नोंद आहे. दोन नोंदींची सरासरी धरून दिवसांनी गुणलं: डिसेंबर मध्यापर्यंत साडेपाच फुटांनी साठ दिवस, साधारण २९ लाख लिटर, तिथून जानेवारीअखेर तीन फुटांनी १२ लाख, फेब्रुवारीत दीड फुटानं पावणेचार लाख. झाले जवळपास ४५ लाख, त्यात साठलेले दोन. त्यातून घर, दोन गाई, शेळ्या यांचं ऑक्टोबर ते मेअखेरचं दीड लाख आधी बाजूला. ते कुठल्याही पिकाला मिळणार नाही, असं घरात स्पष्ट सांगून टाका. उरलेल्यातलं तीन चतुर्थांशच आपलं समजायचं, कारण शेजाऱ्याची मोटरही त्याच झऱ्यावर चालते. माझ्या हाती राहिले सुमारे ३४ लाख, म्हणजे सतरा 'एकर-पाणी'. एक एकराला एकदा पाणी म्हणजे एक एकर-पाणी. लिटरपेक्षा हे माप डोक्यात पटकन बसतं.

ज्यांच्याकडे मागच्या नोंदी नाहीत त्यांनी पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या आवकेचा पाचवा हिस्सा फेब्रुवारीत येईल असं धरावं. माझ्या विहिरीचा अनुभव तसा आहे. जास्त आलं तर चाऱ्याच्या घासाला द्या.

खर्चाची बाजू गेल्या वर्षी अशी होती. एक एकर ज्वारी, दोन पाणी. एक एकर हरभरा, दोन पाणी. अर्धा एकर गहू, पाच पाणी, म्हणजे अडीच. अर्धा एकर कांदा, बारा पाणी, म्हणजे सहा. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर चारा, दहा पाणी, म्हणजे अडीच. बेरीज पंधरा. दोन हाताशी. २०१८ चा हिशोब मी नंतर असाच मांडून बघितला: विहिरीत फार तर सात एकर-पाणी होतं आणि मी अठरा लागणारं पीक लावलं होतं. चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत सव्वाशे माणसं कोंबून घाट चढायला निघालो होतो.

पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. एकूण पाणी पुरेसं असूनही पीक जळू शकतं, कारण ऑक्टोबरची आवक फेब्रुवारीला उपयोगी पडत नाही. म्हणून सगळ्यात वाईट महिना घ्या आणि त्या महिन्यात जे पीक रानात उभं असेल त्याला लावून बघा. फेब्रुवारीत माझी आवक दिवसाला सव्वातेरा हजार लिटर. आठ दिवसांचे लाखभर लिटर होतात, म्हणजे बरोबर अर्ध्या एकराचं एक पाणी. कांद्याला फेब्रुवारीत आठ-दहा दिवसांनी पाणी लागतंच. तेव्हा माझ्या विहिरीवर अर्धा एकरच कांदा बसतो, पाऊण एकर नाही. भाव कितीही असो. आणि लागणही मी नोव्हेंबर संपायच्या आत उरकतो, म्हणजे शेवटची पाणी मार्चच्या तोंडाशी संपतात.

पाणी कमी पडणार असं दिसलं तर प्रत्येक पाणी अर्धं अर्धं देण्यापेक्षा मोक्याच्या वेळी पुरतं द्या. गव्हाला एकच पाणी असेल तर पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. ज्वारीला एक असेल तर २८ ते ३० दिवसांनी, दुसरं पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, ५० ते ५५ दिवसांनी. हरभऱ्याला दोनच असतील तर ३०-३५ आणि ६०-६५. जास्त पाणी दिलंत तर तो नुसता माजतो आणि घाटे कमी लागतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी अशाच आहेत आणि माझ्या रानात त्या लागू पडल्यात.

पाणी द्यायची वेळ झाली का, हे वाफ्याच्या वरच्या मातीवरून ठरवू नका. वरची माती दोन दिवसांत पांढरी पडते आणि आपला जीव कासावीस होतो. खुरप्यानं वीतभर उकरा, तळाची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि हातातून वरून टाकल्यावर फुटला नाही, तर अजून थांबा. दाबताना भुगा झाला तर मोटर चालू करा. भारी काळ्या रानात ही परीक्षा फार छान जमते, मुरमाड रानात थोडा अंदाज लागतो.

ठिबकबद्दल एकच सांगतो. ठिबकनं पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर लोक लगेच आणखी एक एकर लावतात आणि विहीर पूर्वीच्याच तारखेला आटते. आधी एकर-पाण्याचा आकडा ठरवा, मग ठिबक घ्या. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात साठवलं तर उत्तम. विहीर उपसून प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं तळं भरायचं, हा मला उलटा कारभार वाटतो. एप्रिल-मेच्या उन्हात रोज जवळपास सेंटीमीटरभर पाणी उडतं. वीस मीटर बाय वीस मीटरच्या तळ्यातून ते चार हजार लिटर होतं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून वाळत घालायचं कशाला?

पावसाचा हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर सुमारे चार हजार लिटर टाकतो. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा आणि सकाळी पट्टी बुडवा, झालं पर्जन्यमापक. बादली चालणार नाही, तिचं तोंड रुंद असतं. आमच्याकडे पाचशे मिलिमीटर झाला तर लोक खूश असतात. तेवढ्यात माझ्या साडेतीन एकरांवर सत्तर लाख लिटर पडतं, विहिरीच्या सबंध रब्बीच्या आवकेपेक्षा दीडपट. ते थांबवायला मी नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करतो आणि ज्वारीच्या रानात ऑगस्टअखेर चौकोनी वाफे बांधून ठेवतो. सप्टेंबरचा पाऊस त्या वाफ्यांत जिरतो आणि ज्वारी चांगल्या वापशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, पेरता येते. एका जोरदार पावसानं वाफे भरले तर एक पाणी वाचलं म्हणून वहीत जमा करतो.

शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. माझ्या ओढ्यावर तीन विहिरी आहेत. आम्ही तिघं ऑक्टोबरात एकाच दिवशी दोरी सोडतो आणि आकडे एकमेकांना सांगतो. यापुढे जमलेलं नाही. एकानं गेल्या वर्षीही एकरभर ऊस ठेवलाच. आमच्याच जिल्ह्यात हिवरेबाजारची ग्रामसभा दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवते आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. तिकडे पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न देता माणशी दिला होता, आणि उसाला बंदी. आमच्या तिघांत तेवढा दम नाही. पण आकडा माहीत असला की भांडण निदान खऱ्या गोष्टीवरून होतं.

शेवटचं काम पुनर्भरणाचं, आणि इथे माझी चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी उत्साहात शेजारच्या ओघळीचं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडलं. दोन महिन्यांत तळाला गुडघाभर गाळ बसला, खालचे झरे बुजले आणि उन्हाळ्यात यारी (क्रेन) लावून गाळ काढावा लागला. आता विहिरीपासून दहा-बारा फुटांवर दोन खड्डे आहेत. पहिल्यात पाणी नुसतं थांबतं आणि गाळ खाली बसतो. तिथून वरचं पाणी दुसऱ्यात जातं. त्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू, प्रत्येकी फूटभर. त्याच्या तळातून चार इंची पाइप विहिरीत काढलाय, आतल्या तोंडाला जाळी. गोठ्याचं, उकिरड्याचं किंवा फवारलेल्या रानाचं पाणी तिकडे वळवायचं नाही, आणि पहिले दोन-तीन पाऊस ओघळ बाहेरच जाऊ द्यायची. दरवर्षी मिरगाच्या आधी वरचा वाळूचा थर काढून धुवून परत टाकावा लागतो. बोटांच्या फटीतून चिखल निघेनासा झाला की वाळू धुतली गेली. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, तेवढं मात्र चुकवू नका.