संख्यात्मक संशोधनासाठी साहित्याचा (आधीच्या संशोधनाचा) आढावा कसा लिहावा

आधी चलं, म्हणजे अभ्यासात मोजायचे बदलते घटक, लिहून काढा: स्वतंत्र (ज्याचा परिणाम पाहायचा) कोणतं, अवलंबी (ज्यावर परिणाम पाहायचा) कोणतं. शोधशब्द त्यातूनच निघतात. एकाच चलाचे पर्यायी शब्द 'ऑर'ने आणि वेगवेगळी चलं 'अँड'ने जोडून स्कोपस किंवा पबमेड या संशोधन-लेखांच्या डेटाबेसवर शोधा. शोधाची तारीख आणि नेमकी शब्दरचना लगेच टिपून ठेवा. नंतर ती आठवत नाही.

वाचता वाचता एक्सेलमध्ये तक्ता भरत जा: लेखक, वर्ष, नमुन्याचा आकार, मोजमापाचं साधन आणि त्याची विश्वसनीयता, वापरलेली संख्याशास्त्रीय चाचणी, परिणामाचा आकार (फरक किंवा संबंध किती मोठा आहे). शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि 'पी ०.०५ पेक्षा कमी' एवढंच लिहितात (पी म्हणजे खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता). तिथेच घोळ होतो. नमुना खूप मोठा असला की क्षुल्लक फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरतो, म्हणजे त्याचा पी ०.०५ च्या खाली जातो. उलट, ३० जणांच्या अभ्यासात संबंध आढळला नाही म्हणून तो नाहीच, असं म्हणता येत नाही.

लिहिताना एका अभ्यासाला एक परिच्छेद देऊ नका, त्याची नुसती यादी होते. परिच्छेद चलांमधल्या संबंधावर बांधा: कोणते निष्कर्ष जुळतात, कुठे विरोध आहे, तो नमुन्यामुळे की मापनामुळे? त्यातूनच परिकल्पना, म्हणजे तुमच्या अभ्यासात तपासायचं विधान, निघावी. जिला आढाव्यात आधार सापडत नाही, ती परिकल्पना वगळा किंवा पुन्हा शोधाला लागा.