गाडी चालू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी चालू होत नसल्याचा फोन आला की मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो: किल्ली फिरवल्यावर सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटर) इंजिनाला फिरवतो आहे का? बहुतेकांना याचे नीट उत्तर देता येत नाही, कारण गाडी अडली की माणूस आवाज ऐकायचे सोडून पुन्हा पुन्हा किल्लीच फिरवत राहतो. वास्तविक पुढची सगळी तपासणी या एका उत्तरावर ठरते. सेल्फ फिरतच नसेल तर दोष बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी), सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) किंवा खुद्द सेल्फ मोटर यांपैकी कशात तरी असण्याची शक्यता सर्वाधिक असते. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी स्थिती असेल तर इंधन, ठिणगी, सेन्सर किंवा किल्लीचा इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) यांकडे वळावे लागते. हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत करणे ही पहिली चूक आहे. सेल्फ खणखणीत फिरत असताना नवी बॅटरी विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

आवाजांतही फरक असतो. जलद टकटकटक असा आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असते. एकदाच ठसठशीत ‘खट्’ होऊन सगळे शांत झाले तर सोलेनॉइड ओढला गेला आहे, पण मोटर फिरलेली नाही, असे समजावे. काहीच आवाज आला नाही तर आधी क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक गाडी असल्यास गिअर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’वर (न्यूट्रल) आहे का, हे पाहावे आणि मगच फ्यूज व रिले तपासावेत.

मला सर्वाधिक त्रास होतो तो न मोजता बॅटरी बदलण्याच्या सवयीचा. काही वर्षांपूर्वी मिरजेच्या एका शिक्षकांची पेट्रोल गाडी माझ्याकडे आली. सहा महिन्यांत तिच्यात दोन नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या आणि सेल्फ उघडून त्याचे ब्रशही बदलून झाले होते. सकाळी गाडी कशीबशी चालू होई, पण बाजारात थांबून परत किल्ली फिरवली की नुसते ‘खट्’ वाजे. मी हेडलाइट लावून सरांना किल्ली फिरवायला सांगितले, तर दिव्यांचा उजेड जराही कमी झाला नाही. सेल्फ मोटर शेकडो अँपिअर ओढते, त्यामुळे ती खरोखर जोर लावत असती तर दिवे मंद व्हायलाच हवे होते. व्होल्ट मोजण्याच्या मीटरवर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती आणि किल्ली फिरवतानाही आकडा 12 च्या खाली येत नव्हता, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती आणि वीज मोटरपर्यंत पोहोचत नव्हती किंवा तिथून परत येत नव्हती.

मग मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवली. किल्ली फिरवताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी फरक दिसायला हवा, तिथे पाच व्होल्टच्या वर आकडा गेला. गाडीखाली जाऊन पाहिले तर गिअरबॉक्सला जोडलेली अर्थिंगची विणलेली पट्टी हिरवी पडून कुजली होती आणि बोल्ट सैल करताच तिचा अर्धा भाग हातात आला. परतीची वाट न मिळालेली वीज क्लचच्या केबलमधून जात होती, त्यामुळे त्या केबलचे प्लास्टिकचे आवरण एका जागी वितळून चिकटले होते. नवी पट्टी घातली, ती बसते त्या जागेचा गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला आणि गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. खर्च काही शे रुपयांचा होता; आधी गेलेले काही हजार मात्र परत आले नाहीत.

तेव्हापासून अशी गाडी आली की मी जंपर केबलची (टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरींची) एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून थेट इंजिनाच्या धातूला लावतो. तसे करताच सेल्फ फिरला तर दोष अर्थिंगचा आहे हे दोन मिनिटांत कळते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, टर्मिनल घट्ट करावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना ते शेवटी, हा क्रम घाई असली तरी मोडू नये, कारण पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. स्थिर गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी आणि 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी, एवढे दोन आकडे पाठ असले तरी अर्ध्या चुका टळतात. साधा मीटर नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली आहे आणि तिच्यात दुरुस्तीची संधीच उरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा कित्येक गाड्या दिवसेंदिवस बुडून होत्या. पाणी ओसरल्यावर एका गृहस्थांनी ‘चालू होते का ते फक्त बघू’ म्हणून किल्ली फिरवली. एक जड ‘धप्’ असा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी अडकले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. गाडी नुसती टो करून आणली असती तर स्पार्क प्लग काढून, पाणी बाहेर टाकून आणि तेल बदलून ती वाचण्याची शक्यता होती. पाण्यातून आलेल्या किंवा पाण्यात बंद पडलेल्या गाडीची बॅटरी सोडवावी, किल्लीला हात लावू नये आणि एअर फिल्टर ओला आहे का ते आधी पाहावे. डिपस्टिकवरचे (इंजिनातले तेल मोजण्याच्या पट्टीवरचे) तेल दुधाळ दिसले तर गाडी थेट गॅरेजलाच न्यावी. पाण्यानंतर पुन्हा किल्ली फिरवून झालेले इंजिनाचे नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये; मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर मोटर तापते आणि उरलीसुरली बॅटरीही संपते. सीएनजी गाडीत पेट्रोल शेवटच्या काट्यावर ठेवू नये, कारण बहुतेक गाड्या पेट्रोलवरच चालू होतात आणि कोरड्या टाकीत पंप जळतो. हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) असलेल्या डिझेल गाडीत इंजिन पटकन पकडावे म्हणून मिळणारा ज्वालाग्राही स्टार्टिंग स्प्रे मारू नये. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्का मारूनही फारसा उपयोग नसतो. बटण दाबून चालू होणारी गाडी ‘किल्ली सापडत नाही’ म्हणाली तर आधी किल्लीतला सेल बदलावा.

बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करण्यासाठी जंपर केबल लावताना घाई नको. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावी. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो. गाडी चालू झाली की बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसतात का ते पाहावे. ते दिसले नाहीत तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनित्र) बहुधा नीट चार्ज करत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिथेच उभी असेल.